साठ रॅम, साठ टिळे

२८ सप्टेंबर २००५, बुधवार

दोन खाचा — जुनी एसडी. एक खाच — डीडीआर. इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या रॅमच्या पट्टीवर, कडेवरून अंगठा फिरवला की काम व्हायचं. लेबल कोण वाचतो! आता ही डीडीआर टू आली आहे. लांबी तीच, खाच एकच, फक्त तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली. अंगठा फसतो.

दुपारी एकला शटर अर्धं ओढलं. पुण्यात दुकान असल्याचा हा फायदा — एक ते चार कोणी येत नाही आणि आलं तर त्याचीच चूक. दाराशी उजेडात बसून एक जुनी आणि एक नवी शेजारी धरली. लेबलवर सगळं छापलेलं असतं. मला दिसतं ते असं — पी, सी, मग एक आकडा, मग काहीच नाही, मग शेवटचं शून्य. भिंग लावलं. अक्षरं मोठी झाली, मधली गळती होती तशीच.

मोतीबिंदू असणार. एक्कावन्न पूर्ण झाली. सगळ्यांना होतो. दिवाळी झाली की काढून टाकू.

३० सप्टेंबर, शुक्रवार

हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून पुष्कर आले होते. तिथली सगळी मशीनं यांच्या ताब्यात. वय असेल पस्तीस, बोलणं मात्र पेन्शनीत निघाल्यासारखं. साठ मशीनं, प्रत्येकात एकेक रॅम वाढवायची. अडतीस मशीनं जुनी, त्यांना डीडीआर. बावीस नवी, त्यांना डीडीआर टू. ऑफिस बंद असतं त्या शनिवार-रविवारी, पंधरा-सोळा तारखेला. हे नीट झालं तर त्यांच्या दोनशे मशीनांची देखभाल दोन वर्षं आपल्याकडे.

"मागच्या माणसानं रॅम उलटी बसवली होती," पुष्कर म्हणाले. "आमच्या ऑफिसात धूप फिरवल्यासारखा वास आला. त्यानं लेबल वाचलं नव्हतं. आपण वाचता ना?"

"वाचल्याशिवाय हात लावत नाही."

कसं पटकन म्हणालो! जीभ डोळ्यांपेक्षा धडधाकट आहे.

२ ऑक्टोबर, रविवार

आज सर्जेराव घरी आला होता. हडपसर गावातलाच तो. मी पुसदहून येऊन या गल्लीत रेडिओ दुरुस्तीला बसलो तेव्हा तो शेजारच्या स्टुलावर पंख्यांच्या मोटारीत तार भरायचा. रेडिओ गेले, टेप गेले, आम्ही दोघं राहिलो. मोठी कामं अजून जोडीनं करतो — तो मशीन उघडतो, जड उचलतो, स्क्रू लावतो. इंग्रजी अक्षर त्याला लागत नाही. "वाचायचं काम भाऊचं," असं सगळीकडे सांगतो.

म्हणाला, "ते घड्याळवाले रंगराव भेटले. वळखलं न्हाई त्यांनी."

रंगराव! हाताला कंप सुटला, तर मनगट टेबलाला टेकवून वर्षभर काम रेटलं. मग एका बाईच्या घड्याळाचा बारीक काटा त्यांच्या हातून उडाला. गल्लीनं बघितलं. कोणी वाईट बोललं नाही. फक्त गिऱ्हाईक "जरा जाऊन येतो" म्हणून पुढच्या दुकानात शिरायला लागलं. दोन महिन्यांत दुकानाची पाटी उतरली.

सर्जेरावला चहा देताना माझ्या कोपरानं कप उडाला. डावीकडे कप होता, मला माहीतच नव्हतं. दुर्गा म्हणाली, "अहो, समोर तर होता!" म्हटलं, गप्पांत लक्ष नव्हतं.

५ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं!

डीडीआरच्या चिपांना पाय असतात. दोन्ही कडांना बारीक धातूचे पाय, नखाला कंगव्यासारखे लागतात. डीडीआर टूच्या चिपा बिनपायाच्या, बोर्डाला खालून चिकटलेल्या. कड गुळगुळीत. नख फिरवलं की संपलं! दुकानात पडलेल्या अकरा रॅमवर डोळे मिटून करून बघितलं. अकराच्या अकरा बरोबर.

डोळे मिटून बसलेला बघून समोरचा स्टेशनरीवाला ओरडला, "नागोराव, जप कसला चाललाय?" म्हटलं, गिऱ्हाईक यावं म्हणून. म्हणाला, "मग जोरात करा, मलाही उपयोग होईल."

८ ऑक्टोबर, शनिवार

माल आला. घाऊक व्यापाऱ्याला आधीच बजावलं होतं, दोन जाती दोन खोक्यांत द्या. अडतीसच्या खोक्याला रबर लावला, बावीसचं तसंच ठेवलं. आता नखाचीही गरज नाही. रबराचं खोकं — जुनी मशीनं. बिनरबराचं — नवी. आज बऱ्याच दिवसांनी दोन वेळा नीट जेवलो.

११ ऑक्टोबर, मंगळवार

काय करून ठेवलं हिनं!

आज खंडेनवमी. सकाळी फुलांसाठी मार्केट यार्डात गेलो. झेंडूचे ढीग, त्यात माणसं. परत येताना डावीकडून एक हातगाडी आली, ती मला थेट गुडघ्याशी कळली. "दिसत नाही का काका?" — असं तो म्हणाला.

दुकानात पोचलो तर दुर्गानं मांडामांड केलेली. हत्यारांच्या पूजेला ती दर वर्षी येते — पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सगळं पाटावर ठेवते. या वर्षी मोठं काम आहे म्हणून तिनं मालाचीही पूजा मांडली. साठही रॅम चंदेरी पिशव्यांतून काढल्या. परातीत गोल रचल्या. ओल्या बोटानं प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, बरोबर लेबलावर, कारण "तीच एक पांढरी जागा होती." मी येईपर्यंत पूजा करून सगळ्या एकाच मिठाईच्या खोक्यात भरल्या होत्या.

"कोणी सांगितलं होतं उघडायला?" मी ओरडलो. गल्लीत ऐकू गेलं असेल.

ती शांतपणे म्हणाली, "न उघडता पूजा कशाची करायची? पिशव्यांची?"

"वेगवेगळ्या होत्या त्या!"

"मग वेगळ्या करा. लिहिलेलं असतं म्हणता ना त्यांच्यावर?"

तिच्यासमोर एक उचलली, उजेडात धरली, मान तिरकी केली, "हं" म्हणालो आणि बाजूला ठेवली. नवऱ्यानं बायकोसमोर नाटक करायचं, तेही सणाच्या दिवशी.

१२ ऑक्टोबर

दसरा. ती माझ्याशी फक्त देवासमोर बोलली — "व्हा पुढे."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

साठही रॅम आधीच निवडून ठेवाव्यात का? बसलो होतो निवडायला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. त्यांच्यासमोर नखं फिरवत बसलो तर विचारतील. खोकं झाकून ठेवलं. कशाला निवडायच्या? तिथंच एकेक हातात घ्यायची, पाय लागले की जुनी, नाही लागले की नवी. एका रॅमला एक क्षण. सर्जेरावच्या हातात द्यायची, पुढची उचलायची.

आणि कुंकवाचा एक उपयोग झालाच. कोणी लेबल वाचून दाखवा म्हणालं, तर वाचणार कसं? कुंकू आहे!

माणूस हुशार असला की स्वतःलाही गुंडाळतो.

१५ ऑक्टोबर, शनिवार — संध्याकाळी, घरी

क्रमानं लिहितो. नाहीतर मी उद्या यातलं निम्मं बदलेन.

नऊला पोचलो. सहावा मजला, लांबलचक हॉल, ओळीनं मशीनं. पुष्करनी खोक्यात डोकावून बघितलं. "हे काय? साठही सुवासिनी?"

"खंडेनवमी होती."

"अस्सं. आणि लेबल?"

"सवयीनं कळतं."

"सवयीनं," ते म्हणाले आणि त्यांच्या काचेच्या खोलीत गेले. तिथून सगळा हॉल दिसतो.

म्हणून मी प्रत्येक रॅम आधी उजेडाला धरत होतो. मान तिरकी. ओठ हलवायचो, वाचतोय असे. खाली अंगठ्याचं नख पायांवरून फिरत असायचं. "जुनी," म्हणून सर्जेरावला द्यायचो. तो वायर काढून, झाकण उघडून तयार असायचा. रॅम बसताना दोन खटके येतात, दोन बाजूंच्या चिमट्यांचे. मी मान वळवत नव्हतो. कान होतेच. खट् खट् — बसली. मग मशीन सुरू, एक छोटी बीप — ठीक. पुढची.

साडेतीनपर्यंत तेहेतीस झाली. एकही चुकली नाही. सर्जेराव गुणगुणायला लागला होता.

चौतिसावी. नख फिरवलं. गुळगुळीत. "नवी," म्हणालो.

सर्जेराव नव्या मशीनपाशी गेला. थोड्या वेळानं म्हणाला, "भाऊ, बसत न्हाई ही."

इथं मी जायला हवं होतं. चार पावलं! वाकून बघायला हवं होतं की खाच आणि स्लॉटमधला दांडा जुळतोय का. पण वाकून बघितलं असतं तर मला काय दिसणार होतं? आणि काचेमागून पुष्कर बघत होते. म्हणालो, "नव्यांचे स्लॉट घट्ट असतात. दाब."

"दाबू?"

"दाब रे."

दोन खटके यायला हवे होते. एकच आला — आणि तो खटका नव्हता. कोरडा, आतून फुटल्यासारखा आवाज. मी ऐकला. मी "थांब" म्हणायच्या आत सर्जेरावनं सवयीनं बटण दाबलं होतं. पंखा फिरला. बीप नाही. मग वास.

पुष्कर आले. रॅम काढली, आत बघितलं. स्लॉटच्या मधला दांडा तुटलेला. रॅमच्या सोनेरी दातांवर काळा डाग. बोर्ड गेला. त्यांनी रॅम उलटीपालटी केली. "ही डीडीआर आहे. जुनी. नव्या मशीनमध्ये कशी गेली?"

बिनपायाची डीडीआर! अशीही बनवतात, हे मला माहीतच नव्हतं. लेबलाला मात्र माहीत होतं.

मी तोंड उघडायच्या आत सर्जेराव म्हणाला, "माज्या हातनं दाबली गेली, सायेब. भाऊ निवडून देत व्हते, मीच खालीवर केली."

पुष्करनी ती रॅम टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळले. "उद्या आपण एकटे या. वाचणारा माणूस मला चालेल. दाबणारा नको."

आणि मी — मी "बरं" म्हणालो.

लिफ्टमध्ये सर्जेराव म्हणाला, "तुमचं काम ऱ्हायलं पायजे. माजं काय, मी गावातच हाय." बसस्टॉपपर्यंत पिशवी त्यानंच धरली. उद्या हे हडपसरभर होणार — सर्जेरावनं कंपनीचं मशीन जाळलं. त्याच्याच गावात. रंगरावांचं झालं तेच. फक्त माझ्या वाटचं त्याला.

दुर्गानं विचारलं, काम कसं झालं? म्हटलं, निम्मं.

१६ ऑक्टोबर, रविवार — सकाळी

सर्जेरावला निरोप धाडला. साडेआठला हडपसरच्या गाडीतळाशी उभा राहा. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

१६ ऑक्टोबर — संध्याकाळी

पुष्कर दारातच. "मी एकटे या म्हणालो होतो."

"हो. म्हणून दोघं आलो."

"हा पेठेतला विनोद आपण पुसदहून आणलात की इथं शिकलात?"

"साहेब, दाब मी म्हणालो होतो. ह्यानं मला सांगितलं होतं, बसत नाही. दोनदा विचारलं. मी दाब म्हणालो."

सर्जेराव "भाऊ —" म्हणाला.

पुष्करनी खोक्यातून एक रॅम उचलली. खिशातून खोडरबर काढला — हार्डवेअरवाल्यांच्या खिशात असतोच, दात साफ करायला — आणि लेबलावरचं कुंकू सावकाश पुसलं. फुंकर मारली. माझ्या हातात दिली.

"आता वाचा."

हॉलमध्ये एसीचा आवाज. त्यात एक बेअरिंग कुरकुरतंय, ते कालपासून ऐकतोय. मी रॅम उजेडाला धरली. मान तिरकी केली. पी. सी. पुढे भगदाड. नख आपोआप चिपांकडे जायला लागलं, ते थांबवलं.

"येत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"वाचता येत नाही. दिसत नाही. पाच-सहा महिने झाले. काल चिपांच्या पायांना नख लावून निवडत होतो. या एका जातीला पाय नव्हते."

सर्जेराव माझ्याकडे बघत होता की जमिनीकडे, मला माहीत नाही. तो डावीकडे उभा होता.

वाटलं, आता टोमणा येणार. पेठेतला, धारदार, जन्मभर पुरणारा. पुष्करनी माझ्या हातातली रॅम घेतली आणि डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं, "पीसी दोन, चार हजार दोनशे. डीडीआर टू. सर्जेराव, नवं मशीन उघडा." मग मला म्हणाले, "आपण काय उभे आहात? बसवा. हात तर ठीक आहेत ना?"

दिवसभर ते वाचत गेले. एकेक. पुसायचं, वाचायचं, द्यायचं. सर्जेराव उघडायचा, मी बसवायचो. बोट स्लॉटवर, मधला दांडा चाचपायचा, खाच जुळवायची, दोन अंगठे, खट् खट्. एकदा मी मध्येच थांबलो — एकच खटका आला होता. पुष्कर म्हणाले, "मला दोन ऐकू आले." काढून बघितलं. उजवा चिमटा उघडाच होता. नंतर ते प्रत्येक रॅमला माझ्याकडे बघून थांबायला लागले. मी "हं" म्हणालो की पुढची.

तीनला एकोणसाठ झाली. साठावं मशीन जळलेलं. त्याचा बोर्ड मी आणून देईन.

निघताना म्हणाले, "डोळ्यांना काय झालंय?"

"मोतीबिंदू. दिवाळीनंतर काढतोय."

"कोणी सांगितलं, मोतीबिंदू?"

"कोणी कशाला सांगायला हवं? या वयात —"

"म्हणजे लेबल न वाचताच," पुष्कर म्हणाले. तेवढंच. मग एका कागदावर डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. खूप मोठ्या अक्षरात. मला नीट दिसला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

पुष्करांचा फोन. काम आपलं. कागद दोघांच्या नावानं — नागोराव आणि सर्जेराव. अट एकच. लेबल वाचणारा तिसरा माणूस आम्ही ठेवायचा, आणि त्यानं वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

सर्जेरावला सांगितलं. म्हणाला, "माजं नाव विंग्रजीत लिव्हलंय का? मग सही करताना दावा कुठं हाय ते." आणि मग हसायच्या ऐवजी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गल्लीला उद्या-परवा कळेलच. कळू दे.

दुर्गाला अजून सांगितलं नाही. तिला एवढंच म्हणालो, बुधवारी चष्म्याचा नंबर काढायला जायचंय, तूही चल. तिनं "बरं" म्हटलं. दसऱ्यापासूनचं पहिलं नीट "बरं." खंडेनवमीला ओरडलो त्याची माफी मागायची राहिली आहे. ती मागायची तर का ओरडलो ते सांगावं लागेल.

१९ ऑक्टोबर, बुधवार

हे अक्षर दुर्गाचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलंय. दोन दिवस लिहायचं नाही.

काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नाही. डावीकडचं गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं रोज थेंब घालून राखायचं. ऑपरेशन करून काढून टाकण्यासारखं त्यात काही नाही. उन्हाळ्यात आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले.

ती विचारतेय, मागची पानं वाचू का?

म्हटलं, वाच. मोठ्यानं वाच.